आमची पेठ आणि नवीं यंत्रें

यंदा दिवाळीच्या सुटीपूर्वीं एका संध्याकाळीं आम्ही वडूजच्या पेठेंतून एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत सावकाश चालत गेलों. विशेष काम कांहीं नव्हतें. निबंधाच्या वह्या तपासून डोळे शिणले होते आणि मनही कांहींसें खिन्न झालें होतें. कारण त्या वह्यांपैकीं निम्म्याहून अधिकांत एकच वाक्य निरनिराळ्या हस्ताक्षरांत आमच्या दृष्टीस पडलें होतें : शिकून मोठा झाल्यावर मी पुण्यास जाईन. निबंधाचा विषय ‘माझा गांव’ असा होता!

पेठेंत एका परिचित कापड-दुकानदारांच्या ओट्यावर आम्ही टेंकलों. घडी केलेल्या लुगड्यांच्या राशीपाशीं हातांतील मोबाईलकडे पाहत ते बसले होते. गिऱ्हाईक एकही नव्हतें. ‘गुरुजी, पेठ बसली,’ असें म्हणून त्यांनीं नेहमींची कहाणी आरंभिली. लग्नाचा बस्ता पूर्वीं येथें होई, आतां लोक साताऱ्यास किंवा कराडास जातात. आणि जे जात नाहींत त्यांच्या घरीं पुडकें आपण होऊन चालत येतें. ही कहाणी रंगांत आली असतांनाच, पाठीवर भला मोठा झोळा अडकविलेला एक तरुण मोटारसायकलीवरून उतरला आणि त्यानें एक पुडकें त्यांच्याच हातीं दिलें. नातवासाठीं मागविलेल्या चपला होत्या. शेजारचें दुकान चपलांचेंच आहे, तेथें मिळाल्या नसत्या काय, असें आम्हीं सहज विचारलें. ‘मिळाल्या असत्या, पण पन्नास रुपये स्वस्त पडल्या,’ ते म्हणाले, आणि मग स्वतःशींच ओशाळवाणें हसले. आम्हांसही हसूं आलें. पण तें फार वेळ टिकलें नाहीं, कारण गेल्याच महिन्यांत आम्हींही एक पुस्तक असेंच घरबसल्या मागविलें होतें.

त्या रात्रीं जो विचार आमच्या मनांत सुरू झाला तो या पृष्ठांतून विद्यार्थ्यांपुढें आणि त्यांच्या पालकांपुढें ठेवावा असें वाटलें. प्रश्न असा कीं, ज्या नव्या यंत्रांनीं पेठ ओस पाडली असें आपण म्हणतों, त्यांच यंत्रांनीं ती पुन्हां भरतां येईल काय? आणि येईल तर कोणत्या अटींवर?

प्रथम पेठ भरत होती ती कशामुळें, हें नीट पाहिलें पाहिजे. तालुक्याचा गांव हा पावलांवर जगतो. वडूजच्या भोंवतालच्या खेड्यांतील मनुष्य येथें येई तो कांहीं आमची पेठ पाहण्यास येत नसे. तो कचेरींत येई. खटाव तालुक्याची मामलेदार कचेरी येथें आहे. याच कचेरीवर ९ सप्टेंबर १९४२ रोजीं मोर्चा आला, गोळीबार झाला, आणि वडगांवचे परशुराम घार्गे प्रभृति सत्याग्रही हुतात्मे झाले. हें या गांवांतील प्रत्येक मुलास ठाऊक आहे, निदान असावें. एरव्हीं मात्र लोक या कचेरीशीं येत ते साताबाराच्या उताऱ्यासाठीं, फेरफारासाठीं, दाखल्यासाठीं. एका खेपेंत काम झालें असें क्वचित् घडे. मग तो शेतकरी हॉटेलांत चहा-भजीं खाई, पोराला वही-पेन्सिल घेई, बायकोनें सांगितलेला तेलाचा डबा भरून घेई, सायकलीचें पंक्चर काढून घेई, आणि संध्याकाळच्या एस. टी. नें परत जाई. साहेबांच्या सहीस जितका उशीर, तितकी पेठेला बरकत! ही कांहीं अभिमानाची गोष्ट नव्हे, परंतु खरी आहे.

२०१८ सालापासून अंकीय सहीचा साताबारा कोणासही घरबसल्या संगणकावर मिळूं लागला. शेतकऱ्याचा दिवस वांचला, त्याची रोजी वांचली, आणि मिनतवाऱ्या करण्याची मानहानिही बऱ्याच अंशीं वांचली. हें वाईट झालें असें म्हणण्यास आमची जीभ धजणार नाहीं. परंतु त्या दिवशीं चहावाल्याकडे तो आला नाहीं, आणि वही-पेन्सिलीच्या दुकानींही आला नाहीं. ज्याचें पोट दुसऱ्याच्या खोळंब्यावर भरत होतें त्याची उपासमार झाली म्हणून खोळंबा परत आणावा काय? तसें कोणी शहाणा म्हणणार नाहीं. मग राहिला एकच मार्ग : लोकांनीं पेठेंत यावें यासाठीं त्यांना दुसरें, अधिक चांगलें कारण दिलें पाहिजे.

येथें थोडें मागें पाहूं. आमचा तालुका मागें राहिला, तो लोकांच्या आळसामुळें असें बोलण्याचा प्रघात आहे. आम्हांस तो मान्य नाहीं. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंतील हा मुलूख. ज्या जिल्ह्यांत महाबळेश्वरीं पांच हजार मिलिमीटरांवर पाऊस कोसळतो, त्याच जिल्ह्यांत खटाव-माणची माणसें आभाळाकडे पाहून पेरतात. येरळा नदी आमच्या गांवावरून जाते खरी, पण वर्षांतील किती महिने ती नदी असते आणि किती महिने वाळवंट, हें येथील मुलांस सांगावयास नको. दुसरी गोष्ट लोहमार्गाची. पुणें-मिरज लोहमार्ग कोरेगांव-कराडवरून गेला. वडूज बाजूस राहिलें. त्या काळीं जें जें नवें निघालें तें लोहमार्गाच्या कडेनेंच निघालें.

याचें उदाहरण जवळचेंच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे बेळगांवीं सायकली विकत, कडबा कापण्याचीं यंत्रें करीत, आणि पुढें लोखंडी नांगर करूं लागले. लोखंडानें जमीन नासते या समजुतीनें शेतकरी त्या नांगरास शिवेनात. त्यांतच त्यांच्या कारखान्याची जागा तेथील नगरपालिकेनें मागितली. अशा वेळीं ज्यांनीं त्यांस आश्रय दिला ते औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि. आणि औंध म्हणजे कोठें दूरचें नव्हे, आमच्याच खटाव तालुक्यांतलें. परंतु १९१० सालीं किर्लोस्करांस जमीन मिळाली ती औंधास नव्हे, तर संस्थानच्या हद्दींतील कुंडल येथें, निवडुंगानें माजलेल्या माळावर. कां? तेथें आगगाडीचें स्टेशन होतें. लोखंड यावयाचें कसें आणि नांगर जावयाचे कसे, हा प्रश्न तेथें सुटत होता. पुढें १९१६ सालीं ओगले बंधूंचा कांचकारखाना निघाला तोही कराडच्या स्टेशनापाशीं. त्या वसाहतीला ओगलेवाडी हें नांव पडलें आणि तेथील ‘प्रभाकर’ कंदील खेड्यापाड्यांत जाऊन पोंचला. राजा आमच्याकडचा, पण कारखाने दोन्हीं रुळांच्या कडेला. यांत दोष कोणाचाच नाहीं. त्या काळच्या विद्येला वाहून नेण्यास आगगाडी लागत असे.

आजची विद्या तारेंतून आणि वाऱ्यांतून येते, हा मोठा फरक झाला आहे. २०२० सालच्या टाळेबंदींत पुण्या-मुंबईस नोकरी करणारीं आमचीं कित्येक मुलें गांवीं परतलीं आणि महिनेच्या महिने येथूनच कचेरीचें काम करीत राहिलीं. कोणी माळवदावर बसे, कोणी वस्तीबाहेरच्या उंचवट्यावर, जेथें मोबाईलला ‘रेंज’ मिळे तेथें. आमचा एक जुना विद्यार्थी लिंबाच्या झाडाखालीं बाज टाकून परदेशांतील साहेबांशीं बोलत असे आणि मध्येंच शेळी ओरडली कीं क्षमा मागत असे. पगार पुण्याचा, पण भाजी वडूजच्या बाजारांतली, दूध शेजारचें, न्हाव्याचे पैसे येथल्या न्हाव्याला. तेवढे महिने पेठेंत थोडी धुगधुगी आली होती असें दुकानदारच सांगतात. मग तीं मुलें परत कां गेलीं? कचेऱ्यांनीं बोलाविलें हें खरेंच. पण ज्यांना राहण्याची मुभा होती तींही राहिलीं नाहींत. वीज केव्हां जाईल याचा भरंवसा नव्हता, आणि घरांत दार लावून बसतां येईल अशी खोली नव्हती. एवढ्याच दोन गोष्टी! पेठेंतील कितीतरी दुकानांचे वरचे मजले आज बंद आहेत. त्यांपैकीं कांहींत स्पर्धा-परीक्षांच्या अभ्यासिका निघाल्या आहेत, तेथें शंभर मुलांत चारांना नोकरी लागते आणि शहाण्णव मुलें पुन्हां पुढच्या वर्षाची फी भरतात (हा आंकडा आम्हीं रागानें लिहिला आहे, मोजून नव्हे). अशाच एखाद्या मजल्यावर अखंड विजेची बॅटरी, चांगली तार आणि दहा टेबलें ठेवलीं, तर येथें राहून बाहेरचें काम करूं इच्छिणाऱ्यांस जागा होईल. याला कारखान्याचें भांडवल लागत नाहीं. चार दुकानदार एकत्र आले तरी पुरे.

येथें एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण त्यावरच आमचें सारें म्हणणें उभें आहे. यंत्र गांवांत येणें निराळें आणि यंत्र गांवाचें होणें निराळें. खटाव-माणच्या पठारांवर पवनचक्क्या फिरतात. तें दृश्य मोठें मनोहर असतें, आणि कोळसा न जाळतां वीज निघते हें स्तुत्यच आहे. पण ती वीज तारांवरून दूर जाते, मालक दूर राहतो, यंत्र बिघडलें कीं कारागीर बाहेरून येतो. ज्याची जमीन गेली त्याला एकदां पैसे मिळाले. आमच्या पेठेंत त्या पात्यांचा वारा फारसा पोंचला नाहीं.

आतां इचलकरंजी पाहा. हातमागाचा गांव. १९०४ सालीं विठ्ठलराव दातार यांनीं तेथें पहिला यंत्रमाग चालविला. जहागिरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांचें त्यांस पाठबळ होतें. यंत्रमाग आला म्हणजे हातमागवाला मेला, असाच सर्वत्र अनुभव. मुंबईच्या गिरण्यांनीं तेंच केलें होतें. पण येथें यंत्र आलें तें गिरणी होऊन नव्हे, तर सुटें सुटें आलें. एखाद्या कुटुंबानें दोन-चार माग घ्यावे, पुढच्या सोप्यांत मागांचा खडखडाट आणि मागच्या घरांत संसार. विणणारा कालांतरानें मालक होऊं शके. मागाभोंवतीं मग वहिफणी करणारे, कांड्या भरणाऱ्या बायका, सायझिंगवाले, माग दुरुस्त करणारे जॉबर, सुताचे व्यापारी, हिशेब लिहिणारे दिवाणजी अशी माणसांची एक वस्तीच उभी राहिली. एका यंत्रानें दहा धंद्यांना जन्म दिला आणि ते दहाही त्याच गांवांत राहिले. लोक त्या गांवाला महाराष्ट्राचें मँचेस्टर म्हणूं लागले. तेथें सर्व मंगल झालें असें आम्ही म्हणत नाहीं. पंचगंगेचें पाणी रंगाच्या सांडपाण्यानें किती बिघडलें, मंदी आली कीं माग भंगाराच्या भावानें कसे विकले जातात, हें वर्तमानपत्रांत वारंवार येतें. पण त्या दहा धंद्यांची गोष्ट विसरतां येत नाहीं.

आणि जें यंत्र वर काढतें तेंच खालींही आणतें, हेंही सांगितलें पाहिजे. ओगलेवाडीचा कंदील ज्या अंधारावर जगत होता तो अंधार विजेनें नाहींसा केला, आणि पुढें तो कारखानाही राहिला नाहीं. मिरजेची गोष्ट याच्या उलट. हत्यारांना धार लावणारे, म्यानें करणारे तेथील शिकलगार. राज्यें गेलीं, तलवारी गंजल्या, आणि त्यांचा धंदा बुडाला. त्यांच्यांतील फरीदसाहेब प्रभृति कारागिरांनीं गेल्याच्या गेल्या शतकांत तोच हात भोपळ्याच्या तंतुवाद्यांकडे वळविला, आणि मिरजेचे सतार-तंबोरे हिंदुस्थानभर गेले. १९७९ च्या सुमारास बंगळुरास विजेवर वाजणारा तंबोरा निघाला. आतां तर तो मोबाईलमध्यें फुकट मिळतो. तरी मिरजेच्या गल्लींत भोपळे वाळत पडलेले आजही दिसतात, आणि २०२४ सालीं तेथील सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें. जुना हात नव्या वस्तूवर बसविणें ही जी कला त्या शिकलगारांना साधली, तिचा आम्हांस येथें उपयोग आहे.

आमच्याकडे असा जुना हात कोणता? खटाव, माण, खानापूर, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांतील शेंकडों घरांतील माणसें गलाईच्या धंद्यासाठीं देशभर पसरलीं आहेत. सोनाराच्या दुकानांतील कचरा, जुने दागिने, मोड घ्यावयाची, मुशींत वितळवावयाची, तेजाबानें चांदी वेगळी काढावयाची, आणि शुद्ध सोनें परत करावयाचें, असा हा धंदा. धुरानें छाती पोखरणारा आणि पराकाष्ठेच्या विश्वासावर चालणारा! परक्या प्रांतांतील सोनार आपलें सोनें या माणदेशी माणसाच्या हातीं डोळे मिटून देतो. वर्गांत हजेरी घेतांना आम्हांस दरवर्षीं अनुभव येतो : एकाचे वडील तामिळनाडूंत, दुसऱ्याचे पंजाबांत, तिसऱ्याचे केरळांत. हे बाप वर्षांतून एकदां यात्रेला येतात, आणि मुलगा त्यांना ओळखतो तो मुख्यतः मोबाईलवरील चेहऱ्यानें.

या धंद्यांत आतां मोठी उलथापालथ चालली आहे. १६ जून २०२१ पासून देशांतील २५६ जिल्ह्यांत दागिन्यांवर हॉलमार्क सक्तीचा झाला. १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक दागिन्यावर अक्षरें व अंक मिळून सहा खुणांची स्वतंत्र ओळख असल्याशिवाय विक्री करतां येत नाहीं. कसोटीच्या दगडावर रेघ ओढून कस सांगणाऱ्या डोळ्याची जागा क्ष-किरणांचें यंत्र घेत आहे. अंगठी आंत ठेवली कीं थोड्याच वेळांत सोनें किती, तांबें किती, हें पडद्यावर उमटतें. परंतु यंत्र अंगठीची वरची कातडी पाहते. आंत काय आहे हें निश्चित करण्यास शेवटीं नमुना वितळवावाच लागतो, आणि तेथें पुन्हां भट्टीपाशीं जाणता माणूस लागतो. ज्या मुलानें आपल्या आजाच्या मांडीवर बसून मूस पाहिली आहे, त्याला रसायनशास्त्राची पदविका आणि या यंत्राची माहिती मिळाली, तर त्याच्याइतका योग्य पारखी दुसरा कोण? असें शिक्षण देणारा एखादा वर्ग वडुजांत निघाला, धूर व तेजाबाची वाफ ओढून घेणारी सुरक्षित भट्टी येथें उभी राहिली, तर जें ज्ञान आज कुटुंबांबरोबर परप्रांतांत विखुरलें आहे तें एका ठिकाणीं जमेल. देशभर पसरलेले गलाईवाले हेच त्याचे भांडवलदार आणि हेच त्याचे गिऱ्हाईक. आमच्या गांवाचें खरें धन येरळेंत नाहीं, तें त्या दूरच्या दुकानांत आहे, असें आम्हांस वाटतें.

स्त्रियांविषयीं बोलावयाचें तर शेजारच्या माण तालुक्यांतील म्हसवडकडे पाहावें. तेथील एका लोहारणीला पावसाळ्यापूर्वीं पालावर टाकण्यासाठीं ताडपत्रीपुरते पैसे सांठवावयाचे होते. इतकी अल्प ठेव घेण्यास कोणतीही बँक तयार होईना. चेतना सिन्हा यांनीं अशा बायकांची बँक काढावयाचें ठरविलें. सभासद बायका निरक्षर म्हणून परवान्याचा पहिला अर्ज नामंजूर झाला. बायकांनीं कांहीं महिने अक्षरें गिरविलीं, आणि अधिकाऱ्यांपुढें जाऊन सांगितलें कीं आम्हांस लिहितां आलें नसलें तरी मोजतां येतें. आम्ही व्याज तोंडी काढतों, तुमच्या माणसांनीं यंत्राशिवाय काढून दाखवावें. १९९७ सालीं ‘माणदेशी महिला सहकारी बँक’ सुरू झाली. पुढें खातें मोबाईल-यंत्रावर नेण्याची वेळ आली तेव्हां चालकांनीं गुप्त अंकाची योजना मांडली. तीही बायकांनींच दुरुस्त केली. अंक घरचा माणूस काढून घेईल, अंगठा कोण काढून घेणार, असा त्यांचा युक्तिवाद! ज्या अंगठ्याला आम्ही शाळामास्तर आजवर अज्ञानाची खूण समजत आलों, तोच त्यांनीं तिजोरीची किल्ली केला. नवें यंत्र कोणीं घडवावें या प्रश्नाचें आम्हांस सांपडलेलें हें सर्वांत चांगलें उत्तर आहे. ज्याला गरज आहे त्याला पुसल्यावांचून घडविलेलें यंत्र बहुधा धूळ खातें. आमच्याच शाळांतून अशी किती यंत्रें कपाटांत निजलीं आहेत!

दुरुस्तीचा धंदा हा विषय लहान वाटेल, पण आम्हांस तो फार महत्त्वाचा वाटतो. ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ ही योजना २०२४ सालीं निघाली आणि शिवारांत निळ्या पाट्या चमकूं लागल्या. कृष्णेचें पाणी उपसून खटाव-माणकडे आणणाऱ्या जिहे-कठापूर योजनेमुळें कांहीं भागांत तरी पीक बदलेल अशी आशा उत्पन्न झाली आहे. पाणी आलें कीं मोटर आली, ठिबक आलें, फवारणीचें यंत्र आलें. या प्रत्येकाला बिघडण्याची संवय असते, आणि बिघडतें तें नेमकें पिकाच्या ऐन वेळीं. मोटर रिवायंडिंग करणारे चार-दोन कुशल कारागीर पेठेंत आहेत. पण सौरपंपाचा कंट्रोलर उघडून पाहणारा मनुष्य तालुक्यांत शोधावा लागतो. कंपनीचा माणूस कधीं येईल हें कंपनीलाही ठाऊक नसतें. अशा वेळीं ज्या गांवांत तो बिघाड एका दिवसांत निघेल, त्या गांवाकडे शेतकऱ्याचीं पावलें आपोआप वळतील. आणि मोटर दुरुस्त होईपर्यंत तो चहाही पिईल. चपला पुडक्यांतून येतील, पण जळालेली मोटर पुडक्यांतून दुरुस्त होऊन येत नाहीं.

यावर पालकांचा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे, कारण पालकसभेंत तो आम्हीं ऐकला आहे. ‘गुरुजी, आम्ही उन्हांत राबलों तें पोरानें पान्हा हातांत धरावा म्हणून नव्हे.’ हें बोलणाऱ्या आईचे हात आम्हीं पाहिले आहेत. त्यांचा अपमान करणारा शब्द आमच्या लेखणींतून जाणार नाहीं. तिच्या मुलानें पुण्यास जावें, परदेशीं जावें, खुशाल जावें. आमचें दुःख तो जातो याचें नाहीं. येथें राहण्याचा पर्याय त्याच्यापुढें कोणीं मांडलाच नाहीं, याचें आहे. ज्यास दोन वाटा दिसतात तो निवडतो. ज्यास एकच दिसते तो केवळ ढकलला जातो. आणि आणखी एक. पान्हा धरणाऱ्या हाताविषयीं जी तुच्छता आमच्या घरांत आहे, तिचा बराचसा वांटा शाळेच्या पदरीं घालावा लागेल. विज्ञानाच्या तासाला आम्ही विजेच्या मोटरीची आकृति फळ्यावर काढतों, मुलें ती वहींत उतरवून घेतात, आणि शाळेच्या टाकीवरील मोटर बिघडली कीं आम्ही बाहेरून माणूस बोलावतों!

म्हणून शाळेपुरती एक योजना आम्हीं आंखली आहे, आणि ती येथें कळवून ठेवतों. येत्या उन्हाळ्याच्या सुटींत इयत्ता आठवी व नववीच्या मुलांमुलींनीं पेठेची एक वही तयार करावयाची आहे. प्रत्येक दुकान, तें कधीं निघालें, तेथें काय विकतात, काय दुरुस्त होतें, कोणती वस्तु गिऱ्हाईक मागतें आणि मिळत नाहीं. किती दुकानें व वरचे मजले बंद आहेत. कोणाच्या घरचा माणूस कोणत्या शहरीं गलाईस आहे, आणि परत येण्याची त्याची इच्छा आहे काय. कोणत्या खेड्यांत किती सौरपंप बसले आणि त्यांतील किती बंद पडून आहेत. मुलींनीं घरोघरच्या बायकांस वेगळें विचारावें, कारण पुरुषांसमोर त्या निराळें सांगतात. हिशेब गणिताच्या तासाला होईल, नकाशा भूगोलाच्या. पालकांनीं मुलांस उन्हांत हिंडूं द्यावें, एवढीच विनंति. सकाळीं दहाच्या आंत परत पाठवूं.

वहीचें पहिलें पान त्या कापड-दुकानदारांसाठीं राखून ठेवलें आहे आणि दुसरें त्यांच्या शेजारच्या चपलांच्या दुकानासाठीं. दोघांनाही आम्हीं तसें सांगितलें आहे. चपलावाले मंडळी म्हणालीं, पोरांना अवश्य पाठवा. आणि हळूच विचारूं लागलीं कीं शेजाऱ्यांच्या नातवाच्या पायाचें माप वहींत लिहून घेतां येईल काय.